वही भिरकावण्याआधीची दोन मिनिटं

पत्र: मी तिसरीची वर्गशिक्षिका आहे. वर्गात ३८ मुलं. त्यांतला एक मुलगा साडेआठ वर्षांचा, ऑटिझम असलेला. बोलतो दहा-बारा शब्द, पण चित्रं आणि आकडे त्याला चटकन कळतात. फळ्यावरचं उतरवून घ्यायला सांगितलं की वही भिरकावतो, स्वतःचा हात चावतो. मग मी त्याला व्हरांड्यातल्या बाकावर बसवते, पाच-दहा मिनिटांत तो शांत होतो. मधली सुट्टी संपली की वर्गात यायला तयार नसतो. आठवड्यातून दोन दिवस विशेष शिक्षिका येतात आणि त्याला दुसऱ्या खोलीत नेऊन शिकवतात. तिथे तो छान बसतो. वर्गात आणखी एक मुलगी आहे, तोंडी हुशार, पण वाचताना फार अडखळते. पालकांचा एक गट शाळेसाठी काहीतरी करायला उत्सुक आहे, ‘सेन्सरी रूम’साठी, म्हणजे अशा मुलांना शांत व्हायला खास दिवे आणि वस्तू असलेल्या खोलीसाठी, पैसे जमवतो आहे. काही पालक मात्र विचारतात, एका मुलापायी बाकीच्यांचं नुकसान का? माझं विशेष प्रशिक्षण झालेलं नाही. त्याला माझ्या वर्गात ठेवणं हाच त्याच्यावर अन्याय तर नाही ना?

बाई,

तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुमच्याच एका वाक्यात आहे. वही भिरकावली की तुम्ही त्याला बाकावर बसवता आणि तो शांत होतो. त्याला सावरायला वेळ मिळावा म्हणून तुम्ही हे करता. त्याच्या बाजूने पाहिलं तर हिशोब सरळ आहे: नकोसं काम समोर आलं, वही फेकली, काम गेलं. दहा-बारा शब्दांच्या साठ्यात ‘हे मला जमत नाहीये, जरा थांबू द्या’ असं सांगणारा शब्द नाही. वही भिरकावणं हेच त्याचं ते वाक्य झालं आहे, आणि दर वेळी ते ऐकलंही जातं. म्हणून आधी पाहायचं ते हे, की तेच म्हणणं त्याला दुसऱ्या कोणत्या रीतीने मांडता येईल.

पण त्याआधी एक काम आईवडिलांवर सोपवा. हात चावणं नुकतंच सुरू झालं असेल किंवा अचानक वाढलं असेल, तर डॉक्टरांकडून दात, कान, घसा आणि पोट तपासून घ्यायला सांगा. बद्धकोष्ठ आणि झोप यांचीही चौकशी होऊ द्या. कमी बोलणारं मूल ‘दाढ दुखते’ म्हणत नाही, हात चावतं. दुखणं तसंच ठेवून वर्गात कितीही उपाय केले तरी ते लागू पडणार नाहीत, आणि मुलाला विनाकारण त्रास होईल.

आता नोंदी. बाकाबद्दल आम्ही वर म्हटलं तो पत्रावरून बांधलेला अंदाज आहे. खरं काय ते शाळेचे दहा दिवस लिहिलेल्या नोंदी सांगतील. एक वही घ्या आणि पाच रकाने आखा: वेळ, त्याच्या आधी काय चाललं होतं, त्याने नेमकं काय केलं, किती वेळ, आणि त्यानंतर लगेच काय झालं. ‘चिडला’, ‘हट्ट केला’ असं लिहू नका, तो आपण काढलेला अर्थ असतो. ‘वही जमिनीवर टाकली, उजव्या मनगटाजवळ चावलं, दात उमटले, ४ मिनिटं’ असं लिहा. नोंद त्याच क्षणी जमली नाही तर पुढच्या सुट्टीत लिहा, पण घरी जाऊन नको. घरी पोहोचेपर्यंत डोक्यात राहतो तो आरडाओरडा. त्याच्या आधीची दोन मिनिटं निसटून जातात, आणि आपल्याला तीच हवी आहेत. शिवाय ज्या दिवशी त्याने काहीही न फेकता लिहिलं त्या दिवसाची नोंद नक्की करा. बहुतेक जण ती करत नाहीत, आणि सगळ्यात जास्त माहिती तिच्यातच असते: मजकूर छोटा होता का, पहिलाच तास होता का, तुम्ही शेजारी उभ्या होतात का.

दहा दिवसांनी वही समोर घेऊन बसा. असं वागणं साधारण चार कारणांनी टिकतं: काम टळतं, कुणाचं तरी लक्ष मिळतं, हवी ती वस्तू मिळते, किंवा आवाज-गर्दी-उजेड अशा गोष्टींनी शरीराला झालेला त्रास त्याने कमी होतो. बहुतेक नोंदींत आधी ‘फळ्यावरून उतरवणं’ आणि नंतर ‘बाक’ असेल तर कारण पहिलं. मात्र तुम्ही दुसऱ्या मुलांत गुंतलेल्या असतानाच वही पडत असेल आणि पडल्यावर तो तुमच्याकडे पाहत असेल, तर कारण वेगळं आणि उपायही वेगळा. कामापासून सुटका शोधणाऱ्याला बाहेर नेलं, किंवा लक्ष मागणाऱ्याला जवळ बसवून समजावत राहिलं, तर दोन्ही ठिकाणी आपण त्या वागण्याला खतपाणीच घालतो.

कारण सुटकेचं निघालं असं धरून पुढचं सांगतो. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये दाखवून दिलं, की त्रासदायक वागण्यामागचं मागणं ओळखून तेच मागणं मांडायची सोपी रीत शिकवली, तर ते वागणं कमी होतं. तुमच्या वर्गात ही रीत म्हणजे एक कार्ड. तळहाताएवढं, साधारण ८ सेंटिमीटर चौरस, लॅमिनेट केलेलं. त्यावर व्हरांड्यातल्या त्याच बाकाचा फोटो आणि खाली ठळक अक्षरात ‘थांबूया’. ते वर्गातल्या त्याच्या बाकावर उजव्या कोपऱ्यात वेलक्रोने लावलेलं, कायम हाताशी. तो डावखुरा असेल तर डावीकडे.

शिकवायला पहिले तीन-चार दिवस दोन मोठी माणसं लागतात, म्हणून सुरुवात विशेष शिक्षिका येतात त्याच दिवशी करा. तुम्ही समोर, त्या त्याच्या मागे. त्याला जमतं त्याहून किंचित अवघड काम द्या आणि तो कंटाळल्याची पहिली खूण दिसताच, वही हातात यायच्या आत, मागच्या बाईंनी काहीही न बोलता त्याचा हात कार्डाकडे न्यायचा, कार्ड उचलून तुमच्या हातात द्यायला मदत करायची. तुम्ही ‘थांबूया’ एवढाच एक शब्द म्हणायचा आणि ताबडतोब दोन मिनिटांची सुट्टी द्यायची. वाळूचं घड्याळ असेल तर उत्तम, कारण सरणारा वेळ त्याला दिसतो. वाळू संपली की परत जागेवर, तेच काम, पण एक छोटा तुकडा: एक शब्द, एक ओळ. तो झाला की पुढे. मागून मिळणारी मदत दर दिवशी कमी करत न्यायची: आधी मनगट धरून, मग कोपराला हलका स्पर्श, मग नुसता कार्डाकडे बोटाचा इशारा, मग काहीच नाही. हात धरलेला त्याला सोसत नसेल तर इशाऱ्यापासूनच सुरुवात करा.

पहिल्या आठवड्यात त्याने दिवसातून पंधरा वेळा कार्ड दिलं तरी पंधराही वेळा सुट्टी द्या. इथे बहुतेकांचा धीर सुटतो. ‘आत्ताच तर झाली, आता नाही’ असं तिसऱ्याच दिवशी म्हटलं, की कार्ड बिनकामाचं आणि वही भरवशाची हे त्याच्या मनात पक्कं होतं. कार्ड आपणहून, सहज द्यायला लागल्यावर, साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, ‘एक शब्द, मग थांबूया’ अशी अट आणा. मग दोन शब्द, मग ओळ. अजून काही ठिकाणी गाडी अडते. आपण ‘काय हवंय तुला?’ असं आधी विचारतो आणि मूल विचारल्याशिवाय कार्ड द्यायचं नाही असं शिकतं. कार्ड हरवू नये म्हणून कपाटात जपून ठेवलं जातं. सुट्टी दहा मिनिटांची होते. आणि सगळ्यात नडणारी चूक म्हणजे, परत आल्यावर ते काम समोरून गेलेलं असतं.

एक इशारा द्यायला हवा. वही फेकूनही सुटका होत नाही असं दिसलं, की ती फेकणं काही दिवस आधीपेक्षा वाढू शकतं. ज्या दाराला ढकललं की ते उघडायचं ते आज उघडेना, तर माणूस आधी जोरात ढकलतो, तसंच हे. तेव्हा वही पडली तरी बाक नाही. शांतपणे वही परत ठेवा, कार्डाकडे इशारा करा, कार्ड दिलं की सुट्टी. हा वाढीचा काळ पेलायची तयारी नसेल तर त्या आठवड्यात सुरुवातच करू नका. मध्येच माघार घेतली तर तो जास्त जोरात फेकायला शिकेल. चावण्याने जखम होत असेल तर मात्र हे एकट्याने करू नका, विशेष शिक्षिका किंवा मानसशास्त्रज्ञ सोबत हवेत.

हे झालं मागण्याबद्दल. मूळ काम इतकं अवघड का आहे तेही पाहू, कारण न जमणारं काम तसंच ठेवून नुसती सुट्टी मागायला शिकवणं त्या मुलावर अर्धाच उपकार. फळ्यावरून उतरवणं आपल्याला साधं वाटतं. प्रत्यक्षात मूल मान वर करतं, गर्दीच्या फळ्यावर नेमकी ओळ शोधतं, दोन-तीन अक्षरं ध्यानात धरतं, मान खाली घालतं, वहीतली जागा शोधतं, अक्षराचं वळण आठवतं, हाताने काढतं आणि पुन्हा फळ्यावरची जागा हुडकतं. यातली एक पायरी कच्ची असली तरी सगळं कोसळतं. म्हणून मजकूर फळ्यावरून काढून त्याच्या वहीला लागूनच वरच्या बाजूला ठेवा, मोठ्या अक्षरात, एका वेळी एकच ओळ दिसेल अशा बेताने. दहा ओळींऐवजी तीन. समासात तीन ठिपके. ओळ झाली की एक ठिपका खोडायचा, म्हणजे शेवट कुठे आहे ते त्याला दिसेल. शेवट न दिसणारं काम या मुलांना भिंतीसारखं वाटतं.

बसणंही तपासा. पाय जमिनीला टेकत नसतील तर खाली खोकं किंवा पाट द्या. पाय लोंबकळत असतील तर सगळी ताकद धड सांभाळण्यात जाते. बाकाची उंची त्याच्या कोपराच्या पातळीला किंवा दोन-तीन सेंटिमीटर वर असावी. जाड पाठीची फाइल आडवी ठेवून तिच्या उतारावर वही ठेवली तर मनगट आपोआप नीट बसतं. नव्या लांब पेन्सिलीऐवजी ५-६ सेंटिमीटरचा तुकडा द्या: मुठीत धरायला जागाच उरत नाही आणि पेन्सिल तीन बोटांत येते. हे करूनही हात लगेच थकत असेल तर ऑक्युपेशनल थेरपिस्टना, म्हणजे लिहिण्यासारखी रोजची कामं जमवून देणाऱ्या तज्ज्ञांना, दाखवायला हवं.

आणि दर वेळी स्वतःला विचारा, हा तास अक्षर सुधारायचा आहे की त्याला विषय कळला का ते पाहायचा? गणितात उत्तर लिहिण्याऐवजी अंकांच्या चकत्या मांडू द्या. परिसराच्या तासाला चित्राखाली शब्दाची पट्टी चिकटवू द्या. आकडे आणि चित्रं त्याला कळतात असं तुम्हीच लिहिलंय. ते हस्ताक्षराच्या मागे अडकून पडलं तर त्याची बुद्धी कुणाला दिसणारच नाही.

मधल्या सुट्टीनंतरची अडचण वेगळी आहे. घंटा कर्कश, व्हरांड्यात शंभर मुलांची झुंबड, आणि आवडतं ते अर्धवट सोडून पुढे काय हे ठाऊक नाही. घंटेच्या दोन मिनिटं आधी किंवा गर्दी ओसरल्यावर दोन मिनिटांनी त्याला आत आणा. शाळेच्या शिस्तीत एवढी लवचीकता मुख्याध्यापकांकडून मागून घ्या. पाच मिनिटं आणि दोन मिनिटं आधी पूर्वसूचना द्या, पण ओरडून नको, कार्ड किंवा टायमर दाखवून. येताना हातात काम द्या: खडूंचा डबा वर्गात पोहोचवायचा, डस्टर न्यायचं. हातातली वस्तूच त्याला सांगते की कुठे जायचं आहे.

त्यासोबत त्याच्या बाकावर दिवसाचं चित्र-वेळापत्रक ठेवा. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ एरिक शॉपलर यांनी ऑटिझम असलेल्या मुलांसाठी उभ्या केलेल्या ‘टीच’ (TEACCH) या कार्यपद्धतीचा हा कणाच आहे: जे बोलून सांगतो ते डोळ्यांना दिसू द्या. पूर्ण दिवस एकदम मांडू नका, चार चित्रं पुरेत. काम झालं की त्यानेच चित्र काढून ‘झालं’ लिहिलेल्या पाकिटात टाकायचं. चित्रांवरून बोध होत नसेल तर वस्तूंपासून सुरुवात करा: चेंडू म्हणजे मैदान, पेन्सिल म्हणजे लेखन. मग फोटो, मग रेखाचित्र, शेवटी शब्द. वेळापत्रक भिंतीवर उंच, शोभेला टांगलेलं असेल तर ते तुमचं झालं, त्याचं नाही. ‘बदल’ असं एक कार्डही करून ठेवा आणि ते पहिल्यांदा एखाद्या आनंदाच्या बदलासाठी वापरा. नाही तर ते कार्ड दिसताच त्याला धडकी भरेल.

बोलण्याबद्दल थोडक्यात. एक सूचना, कमी शब्द, मग मनात दहापर्यंत मोजा. चौथ्या सेकंदाला आपण तीच गोष्ट वेगळ्या शब्दांत सांगतो आणि त्याला पहिल्यापासून सगळं उलगडावं लागतं. पुन्हा सांगायचंच झालं तर तेच शब्द. ‘धावू नकोस’पेक्षा ‘चाल’, ‘फेकू नकोस’पेक्षा ‘वही बाकावर’. काय करायचं नाही हे ऐकून काय करायचं ते कळत नाही.

उद्रेक झालाच तर त्या वेळी शिकवणी बंद. बोलणं जवळपास थांबवा, बाकीच्या मुलांना काहीतरी काम देऊन त्यांच्या नजरा वळवा, आसपासच्या टोकदार वस्तू उचला, एक हात लांब उभ्या राहा. धरून ठेवू नका, ‘का केलंस?’ विचारू नका. आवाज थांबला म्हणजे तो सावरला असं नसतं. अर्धा तास तरी आतून सगळं ढवळलेलं असतं. त्या वेळात अवघड काम देऊ नका, त्याला हमखास येणारं काहीतरी द्या.

विशेष शिक्षिकांकडे तो छान बसतो, कारण तिथे शांतता आहे, एकच मोठं माणूस आहे आणि काम हाताशी आहे. पण त्या खोलीत शिकलेलं वर्गात आपोआप येत नाही. ऑटिझम असलेल्या मुलांत हे फार ठळकपणे दिसतं. त्यांना विनंती करा, की दोन दिवसांपैकी एक दिवस निदान एक तास वर्गातच त्याच्यासोबत बसा. आणि आठवड्यातून वीस मिनिटं तुम्ही दोघी बसून ठरवा: कोणतं कार्ड, कोणते शब्द, कोणती ओळ. दोघींची पद्धत वेगळी असेल तर मुलाला दोन शाळा शिकाव्या लागतात.

त्याच्या वैयक्तिक आराखड्यात, म्हणजे फक्त त्याच्यासाठी ठरवलेली उद्दिष्टं लिहिलेल्या कागदात, ‘लेखन सुधारणे’, ‘वर्तन सुधारणे’ असं असेल तर ते बदलून घ्या, कारण सहा आठवड्यांनी ते झालं की नाही हे कुणालाच सांगता येणार नाही. ‘वहीलगतच्या नमुन्यावरून तीन शब्दांची ओळ, जास्तीत जास्त एक आठवण देऊन, आठवड्यातल्या पाचपैकी चार दिवस’ असं लिहिलं की ताडून पाहता येतं. एका सत्रात अशी तीन उद्दिष्टं पुष्कळ झाली.

आता ती वाचताना अडखळणारी मुलगी. पहिली पायरी म्हणजे नजर आणि श्रवण तपासणी. मग तिला तिच्याहून एक इयत्ता खालचा उतारा वाचायला द्या आणि चुका नुसत्या मोजू नका, लिहून काढा. मराठीत चुकांचे गट लवकर दिसतात: घ-ध, भ-म, ब-व असे सारखे दिसणारे जोड; मात्रा आणि वेलांट्या गाळणं; जोडाक्षरं फोडून वाचणं. ‘कि’मधली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते आणि उच्चार मात्र नंतर येतो, अशा मुलांना हे खास जड जातं. एका आठवड्याला एकच गट घ्या. रोज पंधरा मिनिटं, आठवड्यात पाच दिवस. आठवड्याला एकच लांब तास घेण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होतो. क्रम असा: आधी पुस्तकाशिवाय नुसता आवाज ओळखायचा (‘मासा’मधून ‘मा’ काढला तर काय उरलं?), मग ते अक्षर मोठं गिरवत मोठ्याने म्हणायचं, मग त्या अक्षराचे आठ-दहा शब्द, मग त्या शब्दांची दोन-तीन वाक्यं. सगळ्या वर्गासमोर उभं करून मोठ्याने वाचायला लावू नका. चुकलेला शब्द वीस वेळा लिहायला लावण्यानेही वाचन सुधारत नाही. रंगीत काचांचे चष्मे किंवा रंगीत पट्ट्या कुणी सुचवल्या तर त्यावर पैसे घालू नका. त्यामागचा पुरावा भक्कम नाही. परीक्षेत प्रश्न वाचून दाखवला तर तिची खरी तयारी दिसेल.

पालकांच्या गटाबद्दल आमचं मत ठाम आहे: आधी खोली नको, आधी वेळ द्या. सेन्सरी रूममधले दिवे आणि बुडबुड्यांच्या नळ्या देखण्या असतात, पण ती खोली चालवणारं जाणतं माणूस नसेल तर वर्षभरात तिची अडगळ होते किंवा मूल नको झालं की पाठवायची जागा होते. वर्गाच्या मागच्या बाजूला, दारापासून दूर, दीड मीटर लांब-रुंद कोपरा पुरेसा आहे. तीन बाजूंनी आडोसा पण तुमची नजर पोहोचेल असा, एक जाड सतरंजी, एक-दोन दाबायच्या वस्तू, वाळूचं घड्याळ. तिथे कुणाला शिक्षा म्हणून एकदाही पाठवायचं नाही, एवढाच कडक नियम.

उरलेल्या पैशांतून आधी वर्गातला त्रास कमी करा. लुकलुकणाऱ्या ट्यूबलाइट बदला. खुर्च्यांच्या पायांना रबरी टोप्या लावा. ३८ खुर्च्या एकदम सरकल्याचा आवाज या मुलाला किती बोचत असेल याची कल्पना करा. कानावर लावायचे आवाजरोधक एक-दोन जोड ठेवा, पण घंटा, संमेलन अशा वेळांपुरतेच. दिवसभर लावले तर साधा आवाजही नकोसा होतो आणि तुमचं बोलणंही त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. शाळेत चाकाच्या खुर्चीसाठी उतार करणार असाल तर १ ला १२ हे प्रमाण पाळा: १५ सेंटिमीटरच्या पायरीला १८० सेंटिमीटर लांबी. जागा कमी म्हणून आखूड केलेल्या उतारावर मूल स्वतः चढू शकत नाही.

आणि वेळ कसा द्यायचा? चांगल्या मनाचे लोक पटकन म्हणतात, ‘त्या मुलाजवळ आम्ही बसतो, तुम्ही वर्ग घ्या.’ हे नेमकं उलटं व्हायला हवं. इंग्लंड आणि वेल्समध्ये शिक्षण-संशोधक पीटर ब्लॅचफर्ड आणि सहकाऱ्यांच्या २००९ मध्ये पूर्ण झालेल्या मोठ्या अभ्यासात आढळलं, की मदतनिसांचा आधार जास्त मिळालेल्या मुलांची प्रगती तशाच इतर मुलांपेक्षा कमी झाली. मदतनीस वाईट होते म्हणून असं घडलं नाही. ज्याला शिक्षकाची सगळ्यात जास्त गरज, त्याच्या वाट्याला शिक्षक सगळ्यात कमी आला, आणि मदतनीस काम पूर्ण करून घेण्याच्या नादात स्वतःच उत्तरं देत गेले. म्हणून स्वयंसेवक पालकांनी बाकीच्या मुलांचं वाचन घ्यावं, गणिताचे खेळ घ्यावेत, कार्डं कापून लॅमिनेट करावीत. ती पंधरा-वीस मिनिटं तुम्ही त्याच्याजवळ बसा. कायमचा मदतनीस मिळालाच तर तो त्याला चिकटून नको, एक हात मागे बसू दे आणि शेजारच्या दोघातिघांनाही पाहू दे. मुलाच्या कडेला सतत मोठं माणूस असलं की वर्गमित्र जवळ येत नाहीत.

स्वयंसेवकांसाठी तीन नियम लेखी असावेत: कोणत्याही मुलाबरोबर बंद दाराआड एकटं थांबायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, वर्गात पाहिलेलं बाहेर बोलायचं नाही. तिसरा मोडला गेला की त्या मुलाच्या आईचा शाळेवरचा विश्वास जातो, आणि तो परत मिळवायला फार काळ लागतो.

नुकसानीबद्दल विचारणाऱ्या पालकांना तत्त्वं सांगू नका, वर्गात काय बदलतंय ते दाखवा. छोटे टप्पे, दिसणारं वेळापत्रक, कमी शब्दांत सूचना यांचा फायदा ३८ मुलांना होतो, आणि नोंदवहीमुळे व्यत्ययाची मिनिटं कमी होत असल्याचंही सांगता येतं. मुलाचं निदान मात्र आईवडिलांच्या परवानगीशिवाय ना पालकांना सांगायचं, ना वर्गाला. मुलांना एवढं पुरतं: ‘त्याला आवाज जास्त मोठा ऐकू येतो, आणि तो कार्ड देऊन बोलतो.’ सोबतीला एकच गुणी मुलगी कायमची नेमू नका. चार-पाच जणांत पाळी लावा, आणि त्याच्या आवडीचा, आकड्यांचा किंवा चित्रांचा खेळ असू द्या, म्हणजे त्याच्याशी खेळणं ही कुणाला ड्यूटी वाटणार नाही.

शेवटी तुमचा अन्यायाचा प्रश्न. प्रशिक्षण नसणं ही अडचण आहे, पण वर सांगितलेल्यातलं बहुतेक सगळं नीट पाहणारी वर्गशिक्षिका करू शकते, आणि तुम्ही पाहता हे तुमच्या पत्रात दिसतं. बारा आठवडे हे करून तीन गोष्टी तपासा. तो सकाळी वर्गात पाऊल टाकतो तेव्हा त्याचं शरीर सैल असतं का ताठ? तुमच्याशिवाय आणखी निदान एका माणसाला, मोठ्या किंवा छोट्या, तो कार्ड देतो का? सत्राच्या सुरुवातीला येत नव्हतं असं काहीतरी त्याला आता येतं का? तिन्हींत काहीच हललं नाही तर दहा दिवसांच्या जुन्या नोंदी आणि तेवढ्याच नव्या नोंदी शेजारी ठेवा, आणि मुख्याध्यापक, विशेष शिक्षिका आणि त्याचे आईवडील यांच्यासमोर एकच मागणी करा: विशेष शिक्षिकांचे दोनाऐवजी तीन दिवस, आणि ते वर्गात. त्याला दुसरीकडे पाठवायचं का, ही चर्चा त्या मागणीवर अंमल होऊन आणखी एक सत्र गेल्यावर.